दर्शनी भिंत जुनी, मागे पन्नास मजले: फसाड की फसाद?

ओळंबा

टोरंटोच्या मध्यवस्तीत हे दृश्य आता रोजचं झालंय. फुटपाथला लागून शंभर-सव्वाशे वर्षांची विटांची तिमजली भिंत, तिला पोलादी सांगाड्याचा टेकू, आणि खिडक्यांतून दिसणारं पलीकडचं आभाळ. मागची इमारत पाडलेली, खाली चार-पाच मजले खोल खड्डा. काही वर्षांनी त्याच भिंतीमागून ४०-५० मजल्यांचा काँडो (फ्लॅटवार मालकीची इमारत) वर आलेला असतो. यंग आणि सेंट जोसेफच्या कोपऱ्यावरचा 'फाइव्ह' हे ठळक उदाहरण. ४८ मजले, आणि पायाशी रॉलिन्सन कार्टेजच्या गोदामाचा दर्शनी भाग नि यंग स्ट्रीटच्या जुन्या दुकानांची रांग.

फसाड म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, म्हणून याला फसाडिझम म्हणतात, तेही शिवी दिल्यासारखं. शहराच्या विकास आराखड्यातच लिहिलंय की इमारत पूर्ण किंवा निदान बरीचशी राखावी, नुसता दर्शनी भाग राखण्याला प्रोत्साहन नाही. तरी होतंय.

सौंदर्याचा वाद घालायला सगळेच येतात, म्हणून मला बांधकामाचं विचारायचंय. माझं मत असं की भिंत उभी ठेवणं हे त्यातलं सोपं काम. अवघड आहे ते आपल्या जागी थिजलेल्या जुन्या भिंतीला हलत्या, दबत्या नव्या टॉवरशी जोडणं, आणि तो जोड पुढची पन्नास वर्षं सांभाळणं. तेव्हा प्रश्न दोन. मुळात नुसती भिंतच का उरते? आणि उरली तर नीट उरते का? "आमच्या वेळी" छापाच्या आठवणी नकोत, कामाचं बोला.

काकडआरती

वरून कीर्तन, आतून तमाशा. झाला धागा.

वाडेकरी

शनिवारवाडा. १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं, तट आणि दिल्ली दरवाजा राहिला. मागे टॉवर बांधायचा तेवढा बाकी आहे. यात आपण कॅनडाच्या पुढे होतो.

काकडआरती

@वाडेकरी हळू बोला, बिल्डर वाचतात.

उत्तरध्रुव

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा जमिनीखाली असतं.

यंग, किंग, क्वीन या रस्त्यांवरचे जुने प्लॉट चिंचोळे. टोरंटोच्या उंच इमारतींच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरचा एक मजला ७५० चौरस मीटरच्या आत ठेवा म्हटलंय, आणि दोन टॉवरांत २५ मीटर, म्हणजे शेजारच्या हद्दीपासून साडेबारा मीटर सोडा. हे आकडे नकाशावर मांडले की टॉवर कुठे बसणार हे आर्किटेक्टच्या हातात राहत नाही. तो जिथे बसतो तिथेच नेमकी जुनी इमारत असते, आणि लिफ्ट-जिन्याचा गाभा बरोबर तिच्या पोटातून खाली उतरतो.

त्यात पार्किंग. गाडीची जागा ५.६ मीटर लांब, मधला मार्ग ६ मीटर, पलीकडे पुन्हा ५.६. झाले १७.२ मीटर, रॅम्प वेगळा. एवढी रुंदी मिळवायची तर खड्डा हद्दीपासून हद्दीपर्यंत जातो. खड्डा सगळीकडे गेला की वरची इमारत राहणार कशावर? मग कडेची एक भिंत उरते, कारण ती नेमकी हद्दीवर असते.

२०२२ पासून टोरंटोने बहुतेक नव्या इमारतींसाठी पार्किंगची किमान अट काढून टाकली. जतनाच्या कुठल्याही भाषणापेक्षा या एका बदलाने जुन्या इमारतींचं जास्त भलं होईल असं मला वाटतं. त्याआधीही वाटा काढल्या गेल्या आहेत. युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूवर मिलिटरी इन्स्टिट्यूटच्या जागी ४२ मजले झाले, रहिवाशांना कायमचं पार्किंगच नाही. मॅसी टॉवरमध्ये १९०५ ची कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्स पुढे, मागे ६० मजले, आणि जागा इतकी अडचणीची की गाड्या यंत्राने वर-खाली ठेवतात.

आकडेमोड

"भिंत उभी ठेवणं सोपं" हे वाक्य कागदावर मांडून बघू. भिंत २० मीटर लांब, १२ मीटर उंच, ३५० मिलिमीटर जाड, खिडक्या ३० टक्के. भरीव क्षेत्र १६८ चौरस मीटर, वीटकामाचं वजन घनमीटरला १.९ टन धरलं तर भिंत सुमारे ११० टनांची.

आता वारा. टोरंटोसाठी पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्याचा मूळ दाब ०.४४ किलोपास्कल. सुट्या भिंतीला पुढून ढकल आणि मागून ओढ, दोन्ही मिळून ०.६ धरू. खिडक्यांना प्लायवूड मारलेला असतो, म्हणजे भोकं धरायची नाहीत, पूर्ण २४० चौरस मीटर शीड आहे. जोर १४४ किलोन्यूटन, साडेचौदा टन. तो सहा मीटर उंचीवर लागतो असं धरलं तर उलथवणारा आघूर्ण (जोर गुणिले उंची) ८८ टन-मीटर. भिंतीचं स्वतःचं वजन तिला सावरतं किती? ११० गुणिले अर्धी जाडी ०.१७५, म्हणजे जेमतेम १९. शंभरावर टन वजन असूनही ती वाऱ्यापुढे पुठ्ठा आहे.

उरलेलं काम टेकूच्या सांगाड्याचं. भिंतीचा वाटा सोडून दिला, दीडपट सुरक्षितता धरली आणि पायाचं वजन भिंतीपासून अडीच मीटरवर धरलं तर तिथे सुमारे ५३ टन वजन लागतं, साधारण २२ घनमीटर काँक्रीट. फुटपाथवरच्या सांगाड्याखाली जे काँक्रीटचे ठोकळे दिसतात ते हेच. वाटसरूंना ते बसायला ठेवलेत असं वाटतं.

चुनखडी

@आकडेमोड हिशोब बरोबर, पण माणसं मरतात ती दीडपट की दोनपट या वादाने नाही. टेकू लागण्याच्या आधीच मजले काढले म्हणून मरतात. २०१३ मध्ये फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटवर पाडकाम चालू असताना आतल्या तुळया काढून नेल्या, बाजूची भिंत आधाराविना उभी राहिली आणि शेजारच्या एकमजली दुकानावर कोसळली. सहा जण तेव्हाच गेले, सातवं माणूस काही दिवसांनी. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये स्वॉन्स्टन स्ट्रीटला मोकळ्या प्लॉटच्या कडेची विटांची भिंत वाऱ्याने पडून तिघं गेली. त्या भिंतीला लाकडी होर्डिंग ठोकलेलं होतं, भिंतीपेक्षा उंच. म्हणजे शीड आणखी मोठं केलं होतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी भिंतीची माहिती: लेझर स्कॅन, मग हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो त्याची खूण, मग चार-सहा ठिकाणी भोक पाडून आत कॅमेरा. बाहेरचा थर दगडाचा आणि मागे वीट असेल तर दोघांना बांधणारे तुकडे आहेत की नाहीत ते याच वेळी कळतं. पुष्कळदा नसतात, नुसता चुना दोघांना धरून असतो. वीटकामात आडव्या लाकडी पट्ट्या घालायची जुनी पद्धत होती, त्या कुजल्या की भिंतीच्या पोटात आडवी पोकळी तयार होते. ती सापडली नाही तर टेकूचा बोल्ट नेमका तिथेच बसतो.

मग टेकू. भिंतीच्या दोन्ही अंगांना आडवे पोलादी बीम, जुन्या मजल्यांच्या पातळीला, आणि दोघांना जोडणारे दांडे खिडक्यांतून आरपार. भिंतीत भोक पाडायचं नाही. बीम आणि वीट यांच्यात मऊ लाकूड किंवा फेल्ट, कारण जुनी भिंत कधीच सरळ नसते. पोलाद सरळ असतं. आवळलं की फुगलेल्या जागी वीट चिरडते. खिडक्यांच्या कमानींना आतून लाकडी चौकट. हे सगळं घट्ट झालं की मगच मागचं पाडकाम, वरून खाली, भिंतीजवळचा दीड-दोन मीटरचा पट्टा हातानेच. आडव्या भिंती दर्शनी भिंतीला घासून कापायच्या नाहीत, अर्धा-एक मीटर शेपूट ठेवायचं. त्या शेपटाने भिंत ताठ राहते.

ते शेपूट नकाशात नसतं, आर्किटेक्टला ते नको असतं, आणि कुणीतरी "साफ करून टाका" म्हणतो. तिथून फसाद.

दगडफूल

खड्ड्याबद्दल कुणी बोललं नाही. जुन्या भिंतीचा पाया म्हणजे दीड-दोन मीटरवर पसरलेले दगड. नवा खड्डा पंधरा मीटर. पाया खाली न्यायला एक मीटर, फार तर १.२ मीटर रुंदीचे कप्पे, तेही ओळीने नाही. १, ४, २, ५, ३ असे सोडून-सोडून. एका वेळी शेजारचे दोन कप्पे उघडे नकोत. कप्प्यात काँक्रीट भरलं की वर साधारण ७५ मिलिमीटर फट मुद्दाम सोडायची, दुसऱ्या दिवशी त्यात एकास तीनचं जवळजवळ कोरडं सिमेंट-वाळू मिश्रण ठासून ठासून भरायचं. फट न सोडता काँक्रीट थेट पायापर्यंत भरलं तर ते सुकताना आकसतं, वर केसाएवढी पोकळी राहते आणि भिंत तेवढी बसते. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाते. ती दिसली की समजायचं खाली ठासणी नीट झाली नाही.

कंपनाचं: टोरंटोचा २००८ चा कंपन उपनियम सामान्य इमारतींसाठी कंपनाचा वेग कमी वारंवारतेला सेकंदाला ८ मिलिमीटर, १० हर्ट्झच्या वर २५ पर्यंत सूट देतो. वारसा इमारतीला हे फार झालं. जर्मन मानक अशा नाजूक इमारतींना १० हर्ट्झच्या खाली फक्त ३ मिलिमीटर सांगतं. कंत्राटात कुठला आकडा लिहिलाय ते खड्डा खणायच्या आधी बघायचं.

पिंपळपान

मुंबईत हे का होत नाही? १९९५ पासून वारसा नियम आहेत, श्रेणी १, २अ, २ब, ३ आहेत. गिरगाव-काळबादेवीत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा विकास नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकास धडाक्यात चालू. पण दर्शनी भाग राखून मागे टॉवर असं सहसा दिसत नाही.

चुनखडी

@पिंपळपान कारण तिथे बहुतेक ठिकाणी राखायला भिंतच नाही. गिरगावातल्या चाळीचा दर्शनी भाग म्हणजे सागवानी खांब, तुळया, ब्रॅकेटवर पुढे आलेली लाकडी गॅलरी आणि मधे भरलेल्या विटा. वजन लाकडी सांगाड्यावर. मजले काढले की गॅलरीच्या तुळयांचं मागचं टोक सुटतं आणि गॅलरी पुढे झुकते. टेकू कशाला देणार? तिथे एकच मार्ग, प्रत्येक लाकडावर नंबर घालून उतरवायचं आणि पुन्हा जोडायचं. टोरंटोत मागची खोली गेली तरी भिंत भिंतच राहते. फोर्टमधल्या दगडी इमारतींचं वेगळं, त्यांना तुमची पद्धत लागू पडेल.

वाडेकरी

विश्रामबागवाड्याचं तोंडही असंच कोरीव लाकडाचं. त्याला पोलादी टेकू म्हणजे पैठणीला क्लॅम्प.

जाता जाता: फसाड फसाड काय करताय, आपला चांगला शब्द आहे, मोहरा. घराचा मोहरा कुठल्या दिशेला, असं विचारतातच.

काकडआरती

मोहरा राखला, वजीर गेला.

ओळंबा

मोहरा घेतला. आता दुसऱ्या प्रश्नाकडे या. जोडाचं काय?

आकडेमोड

जोडात चार वेगवेगळ्या हालचाली येतात. काँक्रीटचे कॉलम वजनाने आणि वर्षानुवर्षांच्या सरपटीने (सततच्या भाराखाली हळूहळू दबण्याने) आखूड होतात, पण मोहरा खालच्या तीन-चार मजल्यांपुरताच, त्यामुळे तिथे हे काही मिलिमीटरच. टॉवरचा पाया बसतो, त्याचे आणखी थोडे. तिसरी हालचाल तापमानाची: विटेचा प्रसरणांक दर अंशाला दशलक्षात सहा भाग. उणे २० ते उन्हात तापलेल्या ४० पर्यंत ६० अंशांचा फरक. ३० मीटर लांबीच्या मोहऱ्याला जवळजवळ ११ मिलिमीटर, १२ मीटर उंचीला चार-साडेचार. आतला स्लॅब मात्र वर्षभर २०-२२ अंशांवर आरामात बसलेला. चौथी टॉवरच्या डोलण्याची, ती इतक्या खाली नगण्य.

म्हणजे मोहऱ्याला टॉवरने फक्त आत-बाहेर पडू द्यायचं नाही, वर-खाली आणि डावी-उजवीकडे मोकळं सोडायचं. स्टेनलेस स्टीलचा १६ मिलिमीटर गज ३५० च्या भिंतीत दोन-अडीचशे आत रेझिनने किंवा जाळीच्या पिशवीतल्या ग्राउटने (पातळ सिमेंट मिश्रणाने) बसवतात. दुसरं टोक स्लॅबच्या कडेला कंसात, म्हणजे पोलादी ब्रॅकेटमध्ये. कंसात उभी खाच, खाचेत नट, नटाखाली घसरणारी चकती. नट हाताने आवळून पाव फेरा सोडायचा आणि दुसऱ्या नटाने कुलूप घालायचं. भिंतीचं वजन तिच्या स्वतःच्या पायावर. टॉवरवर वजन टाकायचं नाही, आणि टॉवरचंही भिंतीवर येऊ द्यायचं नाही.

चुनखडी

आणि प्रत्यक्षात काय होतं: नट पाव फेरा सोडायचा हे फिटरला कुणी सांगितलेलं नसतं. तो पान्याने गच्च आवळतो, कारण आयुष्यभर त्याने तेच केलंय. त्यावर अग्निरोधक फवारा. खाच बुजली. पहिल्या दोन हिवाळ्यांत वीट आणि गजाच्या मधल्या ग्राउटला तडा. बाहेरून काहीच दिसत नाही. गज भिंतीत आहे पण धरत नाही.

म्हणून गज ओढून बघायची चाचणी प्रत्येक प्रकारच्या जागी हवी: भरीव वीट, चुन्याचा सांधा, दगडामागचा भाग. एकाच चांगल्या कोपऱ्यात पाच गज ओढून सगळे पास असा अहवाल करायचा नाही.

दगडफूल

मला विटेची जास्त काळजी आहे. जुनी इमारत गळकी होती, आतून उबदार होती, ती उष्णता भिंतीतून बाहेर जायची आणि वीट सुकायची. आता आतून इन्सुलेशन लावलं की वीट बाहेरच्या थंडीला एकटी पडते. पाणी आत गोठतं, नऊ टक्के फुगतं, विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. टोरंटोत एका हिवाळ्यात पारा शून्याच्या वर-खाली किती वेळा येरझाऱ्या घालतो ते बघा. विटेला कडाक्याच्या थंडीपेक्षा ओली थंडी जास्त बाधते.

त्यात दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरताना सिमेंट. मऊ भट्टीची वीट आणि टणक सिमेंटचा सांधा म्हटलं की पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतून पडतं, आणि विटेची धार फुटते. सांधा विटेपेक्षा मऊ असलाच पाहिजे. एक भाग सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू, नाहीतर सरळ नैसर्गिक जलीय (पाण्यातही घट्ट होणारा) चुना. १:१:६ या विटांना जड जातं. जुना सांधा ग्राइंडरने कापू नये, आडवा ठीक, पण उभ्या सांध्यात चाक वरच्या-खालच्या विटेत घुसतंच. आणि पाच अंशांच्या खाली चुन्याचं काम करायचं तर तंबू आणि हीटर. नोव्हेंबरात उघड्यावर भरलेल्या दर्जा मार्चमध्ये बोटाने भुगा होतात.

उत्तरध्रुव

@दगडफूल इन्सुलेशनचं इतकं सरसकट नको. बांधकामाचा कोड आतल्या माणसाला थंडीत बसवू देणार नाही. विटेचे नमुने काढून प्रयोगशाळेत ती किती भिजल्यावर गोठून फुटते ते मोजता येतं, आणि त्यावरून किती इन्सुलेशन चालेल ते ठरतं. मुद्दा पाणी भिंतीत शिरू न देण्याचा आहे. वरचा कठडा, त्यावरची पत्र्याची टोपी, खिडकीच्या उंबऱ्याखालचा पाणी तोडणारा खाचा, पन्हळी. या चार गोष्टी धड असतील तर आतून स्प्रे फोम लावूनही भिंती टिकतात.

दगडफूल

टिकतात तोवर टिकतात. फोम विटेला थेट चिकटला की पुन्हा निघत नाही, काढताना विटेचा चेहरा घेऊनच येतो. कॅनडाचीच जतनाची मानकं म्हणतात की नवी भर शक्य तितकी उलटवता यावी. फोम उलटवून दाखवा.

उत्तरध्रुव

हे मान्य. म्हणून मी आधी ओलाव्याने न बिघडणारा हवाबंद लेप, मग खनिज लोकर, असं सुचवेन. पण लोकरीमागे फट राहिली की आतली दमट हवा थंड विटेवर जाऊन दव धरते, हेही लिहून ठेवा. फोम आळशी कंत्राटदारालाही जमतो, लोकर जमत नाही.

काकडआरती

तुमचं भांडण बघून माझा चष्मा दव धरतोय.

दगडफूल

आणखी एक, खालच्या मीटरभर दगडाचं. फुटपाथवर हिवाळाभर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर दगडात चढतं, सुकताना स्फटिक होतं आणि क्रेडिट व्हॅलीचा वालुकाश्म पिठासारखा झडतो. नव्या लॉबीचा चकचकीत ग्रॅनाइट बाहेर फुटपाथपर्यंत आणला की शिंतोडे दुप्पट. पाणी धरून न ठेवणारी खडीची एक पट्टी भिंतीलगत सोडली तर पुष्कळ फरक पडतो.

पिंपळपान

भिंत जागेवर न ठेवता उतरवून पुन्हा बांधली तर? मुंबईच्या लाकडाला तोच मार्ग म्हणालात.

चुनखडी

केलंय. शांग्री-ला टॉवरच्या ६६ मजल्यांच्या पायथ्याशी जो बिशप्स ब्लॉक दिसतो तो १८३० च्या दशकातला, विटा उतरवून पुन्हा रचलेला. वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या कमर्शियल बँकेचा १८४५ चा दगडी मोहरा तर उचलून ब्रुकफील्ड प्लेसच्या काचेच्या दालनात नेऊन उभा केला, पाऊस-बर्फ काही लागत नाही. दगडाला हे जमतं: प्रत्येक दगड मोठा, नंबर घालता येतो, सांधे कमी. विटेला नंबर कोण घालणार? चुन्यातल्या विटा करवतीशिवाय सुटतात, चुना खरवडला की स्वच्छ. मधल्या काळात कुणी सिमेंटने डागडुजी केली असेल तर तेवढ्या विटा फुटूनच निघतात. मग जुन्या विटा पुढे आणि भरतीला नव्या मागे, असं होतं. ती भिंत खरी की प्रतिकृती, हा वाद मी घालत नाही.

अख्खं घर सरकवायचाही मार्ग आहे. शेरबोर्न स्ट्रीटचा जेम्स कूपर मॅन्शन २००८ मध्ये रुळांवर पुढे सरकवला आणि मागे टॉवर बांधला. घर आतून-बाहेरून राहिलं. प्लॉट पुरेसा खोल असेल तर हा सर्वांत प्रामाणिक प्रकार.

खरेदीखत

धाग्यात पैशाचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. @ओळंबा जोड पन्नास वर्षं सांभाळण्याचं म्हणाले. कोण सांभाळणार? उत्तर सोपं आहे: वर ३७ व्या मजल्यावर राहणारा, ज्याला मोहरा दिसतसुद्धा नाही.

मोहरा बहुतेक वेळा सामाईक मालमत्तेत येतो. ऑन्टॅरियोत काँडो संस्थेला दर तीन वर्षांनी राखीव निधीचा (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशाचा) अभ्यास करावा लागतो, किमान ३० वर्षं पुढचा. पण यात एक बारीक गोष्ट आहे: एक आड एक अभ्यास जागेवर न जाता, कागदावर केला तरी चालतो. म्हणजे परांची लावून भिंत जवळून न बघता सहा वर्षं सहज जातात. वर @चुनखडी म्हणाले तो सैल गज कागदावर दिसत नाही.

फ्लॅट घेणाऱ्याने स्टेटस सर्टिफिकेट (काँडो संस्थेच्या आर्थिक-कायदेशीर स्थितीचा दाखला) मागवावं, १०० डॉलर, १० दिवसांत मिळतं. त्यात तीन गोष्टी शोधा. ऑन्टॅरियो हेरिटेज अॅक्टच्या ३७ व्या कलमाखालचा करार मालमत्तेवर नोंदवलेला आहे का. असेल तर खिडकीची चौकट बदलायलाही शहराची परवानगी. राखीव निधीत दर्जा भरणं, कठडा, पत्रा यांच्या वेगळ्या ओळी आहेत का, की "बाह्य भिंती" असा एकच आकडा टाकलाय. आणि तळमजल्यावरचं दुकान वेगळ्या मालकीचं असेल तर मोहऱ्याच्या खर्चाची वाटणी कशी. मोहरा दुकानाच्या डोक्यावर आणि खर्च रहिवाशांच्या, असं लिहिलेलं असू शकतं. टेरियनची (ऑन्टॅरियोत नव्या घरांची हमी सांभाळणाऱ्या संस्थेची) हमी नव्या कामाला एक, दोन आणि सात वर्षांची. मोहऱ्याचा जुना भाग तिच्यात कुठे बसतो ते वकिलाकडून वाचून घ्या, विक्रीच्या ऑफिसातून नको.

आकडेमोड

@खरेदीखत याला उपाय आहे. प्रत्येक मजल्यावर आतल्या भिंतीत दोन-तीन ठिकाणी छोटं दार ठेवायचं, ज्यातून कंस, खाच, नट दिसेल. पहिल्या दिवशी खाचेतल्या नटाची जागा मोजून फोटोसह काँडो संस्थेच्या ताब्यात द्यायची. तीन वर्षांनी पुन्हा मोजायचं. नट मुळीच सरकलेला नसेल तर तो अडकलाय. खर्च नगण्य. पण ते दार कुणाच्या तरी बेडरूमच्या भिंतीत येतं, आणि तिथे पलंगाची उशी असते.

वाडेकरी

मूळ वादाकडे येतो. मुखवटा की जतन? वन किंग वेस्टला १९१४ ची डोमिनियन बँक अख्खी उभी आहे, मागून ५१ मजले वर गेलेत. आत बँकेचं दालन, तिजोरीचं दार, सगळं जागेवर. तिथे कुणी मुखवटा म्हणत नाही. म्हणजे भांडण टॉवरशी नाही, खोलीशी आहे.

उत्तरध्रुव

अगदी. किती मीटर आत राखलं, एवढंच विचारायचं. एक खोली, म्हणजे दहा-बारा मीटर राखली तर मजल्यांच्या पातळ्याही राहतात. नुसती भिंत राखली की पातळ्यांचा घोळ होतो: जुना मजला चार-साडेचार मीटर, काँडोचा तीनच्या आत. चौथा स्लॅब जुन्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या मधून जातो. मग काचेला काळी फिल्म लावतात.

ओळंबा

म्हणजे रस्त्यावरून ओळखता येईल?

उत्तरध्रुव

संध्याकाळी दिवे लागल्यावर समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि मोहऱ्याच्या वरच्या खिडक्या बघायच्या. दिवा खिडकीच्या डोक्याशी दिसला तर ठीक. खिडकीच्या मधोमध काळी आडवी पट्टी, तिच्या वर एकाच्या घरचा टेबललॅम्प आणि खाली दुसऱ्याच्या छताचा दिवा दिसला, तर मागे मजले जुळलेले नाहीत.

चुनखडी

दिवसा गेलात तर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली तिरकी भेगही बघा. पेन्सिलने तिच्या दोन्ही टोकांना खूण आणि तारीख टाकलेली असेल तर कुणीतरी लक्ष ठेवून आहे.

काकडआरती

आणि त्यावर "येथे गाडी लावू नये" अशी पाटी असेल तर ती पुण्याची भिंत आहे.